माळ्यावरची तार

मुंगी झोपली की तिच्या पाळण्यावरचा दिवा श्वास घेतो. म्हणजे श्वास तीच घेते, दिवा तिची नक्कल करतो. तिच्या पोटाभोवती एक मऊ पट्टा असतो, पट्ट्यात एक पातळ चकती शिवलेली आहे. पोट वर आलं की चकती जराशी वाकते आणि खोक्यातला पिवळा दिवा फुलतो, पोट खाली गेलं की मंदावतो. दुपारी पडदे ओढलेले असले की तो उजेड भिंतीवर चढतो, उतरतो, आणि आमची खोली कुणीतरी संथ पाण्याच्या तळाशी अलगद नेऊन ठेवल्यासारखी वाटायला लागते. कपाट, इस्त्रीचा ढीग, बाटल्या उकळायचं पातेलं, सगळं किंचित हलतं. मीही हलत असेन बहुधा.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती वेळेआधी आली, तळहातावर मावेल एवढी. काचेपलीकडून तिला पहिल्यांदा बघून तिचा बाबा म्हणाला, "ही तर मुंगी आहे." आता ती चांगली गुटगुटीत झाली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "घरी कसलंही यंत्र लावायची गरज नाही. पोर ठणठणीत आहे, तिची ती श्वास घेते. तुम्ही झोपत जा." बाकीचं सगळं मी लक्ष देऊन ऐकलं, पण झोपत जा हे काही गळी उतरलं नाही. मी डोळे मिटले की तिचं पोट थांबलंय असं वाटायचं, आणि उघडले की ते आपलं चालूच असायचं. म्हणजे माझे डोळे उघडे आहेत म्हणूनच ते चाललंय, असं काहीतरी माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. ते खरं नाही हे मला कळत होतं. कळून काय उपयोग.

माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आहे. मुंगीच्या आधी मी वजनकाट्यांच्या कारखान्यात नोकरीला होते, तिथे अशाच वाकणाऱ्या चकत्यांशी माझी रोजची उठबस. तेव्हा पुढच्या तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने एक सर्किट काढलं. दिवा श्वासाबरोबर चालेल, आणि श्वास फार वेळ आला नाही तर बझर वाजेल. दिवा शोभेचा, बझर कामाचा. पानाचा फोटो काढला आणि दादाला पाठवला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो आणि सोल्डरिंगमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं त्याचं स्वतःचं मत आहे. चार दिवसांत तो खोकं घेऊन आला.

"वाजतो बरं का," त्याने बटण दाबून दाखवलं. टीक. सुरू करताना बझर असा एकदाच, बारीकसा वाजतो. "आता तू निवांत झोप, येडाबाई."

खरी चाचणी अशी की पट्टा उशीला बांधायचा, उशी पाळण्यात ठेवायची आणि बझर मोठ्याने ओरडेपर्यंत थांबायचं. मी एकदा बांधलाही. पण पाळण्यात ती उशी, तिच्यावर पट्टा, आणि वर न हलणारा विझलेला दिवा हे चित्र माझ्याच्याने बघवेना. मी पट्टा सोडून टाकला. तो आवाज मला ऐकायचाच नव्हता, नुसता ऐकूनही काहीतरी ओढवेल असं वाटत होतं. दादाने ऐकलाय, एवढं मला पुरे होतं. मी आपली रोज बटण दाबायचे, टीक व्हायचं, आणि माझे खांदे खाली यायचे. तेव्हापासून मी झोपू लागले. गाढ नाही, पण झोपू लागले.

पुढे त्या दिव्याचा एक छोटा व्हिडिओ मी नेटवर टाकला, आणि डोळे मिटायला घाबरणारी माझ्यासारखी माणसं एकेक करून जमा झाली. ग्रुपला नाव पडलं 'पाळणा'. कुणी दिव्याचा रंग बदलला, कुणी बॅटरी जास्त टिकावी म्हणून काही जोडलं, आणि जो तो आपलं सर्किट इतरांना पाठवू लागला. इथेच सगळं अडलं. कुणी कागदावर काढून फोटो टाकायचं. कुणी ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं त्याचीच फाइल पाठवायचं. ती उघडायला तेच सॉफ्टवेअर हवं, आणि तेही त्याच आवृत्तीचं. "जुन्याला नवी फाइल झेपत नाही आणि नवं जुनीला घरात घेत नाही," दादा म्हणाला, "अगदी सासू-सुनेचं घर आहे." दर दोन दिवसांनी कुणीतरी लिहायचं, उघडत नाही हो, दुसऱ्या कशात तरी पाठवा.

शेवटी मास्तरांनी मनावर घेतलं. ते एका तंत्रशाळेत शिकवायचे, आता घरी असतात आणि ग्रुपवर सगळ्यांच्या शंकांना उत्तरं देतात. त्यांनी रविवारी सकाळी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बसवलं. "प्रत्येकजण आपलंच घोडं दामटतोय," ते म्हणाले. "एक फॉरमॅट ठरवा, मग सगळ्यांनी त्यातच पाठवायचं. माझं मत विचाराल तर नुसता मजकूर."

"मजकूर म्हणजे?" दादा.

"चित्र नाही. शब्द. सर्किटमधला एकेक भाग घ्यायचा आणि त्याचा कुठला पाय कुठल्या जोडाला लागलाय ते लिहायचं. एका भागाला एक ओळ. कुठल्याही फोनवर उघडेल, साध्या निरोपासारखं पाठवता येईल."

"मास्तर, माणूस चित्र बघून जोडतो. किराण्याची यादी बघून नाही."

"तुम्हाला चित्र दिसतं हो. फोन पाठवताना ते चित्र आवळून लहान करून पाठवतो, ते नाही दिसत."

"आवळू द्या की. माणूस वाळला म्हणून ओळखू येत नाही का?"

मी गालातल्या गालात हसले. मी दादाच्याच बाजूची होते. ते चित्र मी काढलेलं होतं, त्यातल्या रेषा मला मुंगीच्या जावळाइतक्या पाठ होत्या. त्याच्या जागी ओळींचा ढिगारा कुणाला हवाय?

एका चौकोनात जुळ्यांची आई होती. ती शिवणकाम करते. त्या वेळीही तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून ती म्हणाली, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. मला एवढंच सांगा, माझी दोघं पुढच्या सोमवारी घरी येणार. तोवर दिवे मिळतील ना?"

"वहिनी, तुमची दोन्ही खोकी तयार आहेत," दादा म्हणाला. "झाकण लावायचं तेवढं राहिलंय. सोमवारी सकाळीच मी स्वतः घेऊन येतो."

"मग मी आजपासूनच झोपेन म्हणते."

मास्तर माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हीच एक करून बघा. तुमचा दिवा मजकुरात उतरवून आणा. नाही पटलं तर चित्र ठेवू, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. जोडांना आकडे द्या किंवा नावं द्या. मी म्हणेन नावं द्या, वाचताना सोबत होते."

नावं द्यायची म्हणजे काय ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी उमगलं. मुंगी मांडीवर होती, लॅपटॉप उशीवर, आणि मोबाइलवर दादाच्या चॅटमधून उघडलेला तोच फोटो. कागद मी फ्रिजवर लावून ठेवलेला, पण मुंगीला घेऊन उठायचं कुणी? सर्किटमध्ये जिथे दोन-तीन पाय एकत्र येतात त्या प्रत्येक जागेला एक नाव हवं होतं. मी इकडेतिकडे बघितलं आणि घरातलीच नावं घेतली. बॅटरीतून वीज जिथून आत येते ते दार. बटण ओलांडल्यावर जिना. चकतीचा बारीकसा सांगावा जिथे पोचतो ती खिडकी. दिव्याशेजारची बाल्कनी. बझरला जागं करणारा ट्रान्झिस्टर जिथून ऐकतो ती गच्ची. आणि सगळं शेवटी जिथे जाऊन टेकतं ती जमीन.

मुंगीला त्या दिवशी झोपायचं नव्हतं. मला येतात तेवढी गाणी संपली होती आणि ती माझ्या हनुवटीकडे बघत पुढचं काय म्हणून वाट बघत होती. तिला शब्दांशी देणंघेणं नसतं, आवाज चालू राहिला पाहिजे. तेव्हा मी समोर दिसत होतं तेच वाचायला लागले.

"बॅटरीचा एक पाय दारात, दुसरा जमिनीवर. बटणाचा एक पाय दारात, दुसरा जिन्यात. दिव्याचा एक पाय जिन्यात, दुसरा बाल्कनीत."

तिच्या पापण्या जड झाल्या.

मी हळूहळू टाइप करायचे, टाइप केलं की वाचायचे. वाचता वाचता मला ते घर दिसायला लागलं. आमचं नव्हे, आमचं दोन खोल्यांचं आहे आणि खाली छत्र्यांचं दुकान. ते घर उंच होतं आणि त्यात अनवाणी पावलांनी कुणीतरी चाललं होतं. दारातून आत येत होतं, जिन्याशी घोटाळत होतं, मग तिथून निरनिराळ्या वाटांनी पांगत होतं, आणि शेवटी सगळी पावलं जमिनीशी येऊन निजत होती. पिवळा उजेड फुलत होता, मंदावत होता. मुंगी पाळण्यात गेली, पट्टा लागला, टीक झालं, सगळं मी अर्धवट झोपेत केलं. आणि परत येऊन बझरकडच्या वाटा लिहायला घेतल्या.

त्या वाटा दोन होत्या. एक सुरू करतानाची, जिच्यामुळे टीक होतं. दुसरी, श्वासाची वाट बघत बसणाऱ्या आयसीकडून, म्हणजे एका चिपकडून येणारी. श्वास फार वेळ आला नाही की हा आयसी एका रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरला हाक मारतो. पहिली वाट सरळ गच्चीवर गेली. दुसरीवर मी फोटोत बोट ठेवून चालले. रेझिस्टरमधून निघालेली रेषा ट्रान्झिस्टरच्या रेषेला आडवी छेदून पलीकडे एका मोकळ्या पिनेवर संपत होती. ती पिन माझी कारखान्यातली खोड, मीटर लावून बघता यावं म्हणून मी ती ठेवतेच. दोन रेषा छेदतात तिथे ठिपका असेल तर त्या जोडलेल्या, नसेल तर एक दुसरीला न शिवता वरून निघून जाते. फोटोत ठिपका नव्हता. म्हणजे ही जागा वेगळी, हिला वेगळं नाव. माळा, मी लिहिलं. हात आपोआप लिहीत होते.

मग शेवटची ओळ झाल्यावर मी सगळं पहिल्यापासून पुन्हा वाचलं, मुंगीसाठी, की माझ्यासाठी. त्या उंच घरातून मी फिरत होते. दारात दोघं. जिन्यात कितीतरी जण, तिथे नेहमीच गर्दी. खिडकीत तिघं. बाल्कनीत दोघं. गच्चीवर ट्रान्झिस्टर आणि टीकची वाट, दोघं गप्पा मारत. मी माळ्यावर गेले. तिथे रेझिस्टरचा एक पाय बसला होता. एकटाच. आता हा इथे एकटा काय करतोय, असं मी झोपेतच म्हटलं. याला तर हाक मारायची होती, आणि माळ्यावर कुणी ऐकायलाच नाही.

मी जागी झाले. किंवा जागीच होते, आणखी जागी झाले.

फोटो मोठा करून बघितला. रेषा छेदत होत्या तिथे करड्या चौकोनांचा नुसता चिखल होता. मी उठले आणि पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली ते कॅलेंडरचं पान अजून होतं, त्यावर हळदीचं एक बोट उमटलेलं. त्या छेदावर पेन्सिलीचा ठिपका होता. लहान, फिका, पण होता.

तेवढ्यात मुंगीचा बाबा जेवायला आला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, दुपारी घरी येतो. मी एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात फोन धरला. त्याने खिशातलं भिंग काढलं, आधी कागदावर लावलं, मग फोनवर.

"इथे आहे. इथे नाही," तो म्हणाला. "म्हणजे काय झालं?"

"म्हणजे बझर वाजणारच नाही. कधीच वाजला नसता."

"अगं, रोज तर वाजतो."

"तो टीक वेगळा."

त्याने पाळण्याकडे बघितलं. मीही बघितलं. दिवा फुलत होता, मंदावत होता. इतके महिने मी त्या खोक्याच्या भरवशावर डोळे मिटले होते आणि खोक्यात पहारेकरी नव्हताच. आमच्या दोघांच्याही लक्षात एकच गोष्ट आली असावी, पण ती कुणीच बोललं नाही. बोललो असतो तर कदाचित तिला ऐकू गेलं असतं.

ती उठेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी झाकण उघडलं. दादाचं सोल्डरिंग नेहमीसारखं देखणं होतं, दवाच्या थेंबांसारखे जोड. आणि रेझिस्टरची तार ट्रान्झिस्टरच्या तारेवरून, तिला न शिवता, नीट वेष्टण घालून पलीकडे मोकळ्या पिनेपर्यंत नेलेली. त्याने चित्रात होतं तसंच्या तसं केलं होतं.

मी त्याला फोन लावला.

"पटकन बोल," तो म्हणाला. "मी लिफ्टच्या छपरावर उभा आहे."

"अडकलास?"

"मी कशाला अडकतोय. आत एक बाई अडकल्यात, त्यांना काढतोय. काय झालं?"

मी सांगितलं. पलीकडे कुठेतरी पाना पडल्याचा आवाज आला.

"मी ऐकला होता," तो म्हणाला. "वाजला म्हणून मी..."

"टीक. मीपण तोच ऐकला."

"चित्रात ठिपका नव्हता. नसलेला ठिपका मी कुठून आणू?"

"मी कुठे म्हणते तुझं चुकलं. कागदावर आहे, फोटोत नाही. वाटेत कुठेतरी गळला."

"म्हणजे वहिनींची दोन्ही खोकी पण..." तो थांबला. खालून एक बाई विचारत होत्या, अहो, कुणाशी बोलताय, मला आधी बाहेर काढा. "काढतो, मावशी. हलू नका." मग मला म्हणाला, "त्यांच्या दोघांना सोमवारी आणतायत ना."

"आज सोमवार. अजून आठवडा आहे."

"आठवडा कशाला, आज संध्याकाळीच जोडतो. पण ते चित्र अजून किती जणांकडे गेलंय?"

त्याचं उत्तर मला माहीत होतं. ते सगळ्यांकडे गेलं होतं. आणि त्यांच्याकडून पुढे, पुन्हा पुन्हा आवळलं जात. त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की माझ्या चित्रावरून केलेल्या कुठल्याही बझरवर विसंबू नका, आधी जोड तपासायचाय. सोबत त्या जागेचा जवळून काढलेला नवा फोटो टाकला. थोड्या वेळात तीन जणांनी विचारलं की यात नक्की कुठे बघायचं. त्यांच्याकडे तोही पुसटच पोचला होता.

तेव्हा मग रविवारची वाट बघितली नाही. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळ्यांना बसवलं. दादा कामावरच्या कपड्यांत, मागे लिफ्टची यंत्रखोली. जुळ्यांची आई मशीनसमोर.

मी म्हटलं, "मी मजकूर वाचते. तुम्ही आपलं खोकं उघडून समोर ठेवा आणि माझ्याबरोबर चला. मी ज्या जागेचं नाव घेईन तिथे कोण कोण येऊन जुळलंय ते बघायचं."

मांडीवर मुंगी होती. मी नेहमीच्याच आवाजात वाचायला लागले, मला दुसरा कुठला आवाज सुचला नाही. दारात दोघं. जिन्यात सगळे. चौकोनांतून माना खाली गेल्या, कुणी चष्मा वर केला, कुणाच्या तरी मागे एक बाळ रडत होतं ते थांबलं. मी माळ्यावर आले आणि विचारलं, "त्या रेझिस्टरचा दुसरा पाय कुठे गेलाय?"

"माझ्याकडे मोकळ्या पिनेवर," एक जण म्हणाला.

"माझाही पिनेवर. एकटा आहे."

"माझा गच्चीवर आहे, ताई. मी तारा ओलांडायचा कंटाळा केला आणि तिथेच जोडून टाकला."

"तुमचा आळस बघा कसा फळाला आला," मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले. पण ते हसणं घाबरल्यावर येतं तसलं होतं. एकेक चौकोन सांगत गेला. माळ्यावर, माळ्यावर, गच्चीवर, माळ्यावर. चित्र एकच होतं, बघणाऱ्यागणिक ते वेगळं झालं होतं.

दादाने घसा खाकरला. "मास्तर, मी शब्द मागे घेतो. वाळलेला माणूस ओळखू येतो, पण त्याचा हात गळून पडला तर कळायला हवं."

"मग मजकूर?"

"मजकूर. पण शेजारी चित्र राहू द्या. मला बघितल्याशिवाय करमत नाही."

"राहू दे की. मात्र दोघांचं पटलं नाही तर मजकुराचं खरं मानायचं. आणि ज्या नावापाशी एकटाच कुणी असेल तिथे थांबून विचारायचं, बाबा रे, तू एकटा का."

सगळ्यांनी हात वर केले. मुंगीचाही मी केला.

जुळ्यांच्या आईने मशीन थांबवलं. "हे मला जमेल," ती म्हणाली. "कापड कापून ठेवलं की आम्हीपण असंच बोलतो, हा तुकडा त्याच्या खांद्याला, तो याच्या कमरेला. ताई, तुम्ही ते मला वाचून पाठवाल का, तुमच्याच आवाजात? मशीनवर शिवता शिवता ऐकत बसेन. खोकी आली की मी स्वतः बघून घेईन, कुणी एकटं बसलंय का."

मी पाठवलं.

आमच्या खोक्यात तो जोड मी माझ्या हाताने केला. सोल्डरिंगला वर्षभरात हात लावला नव्हता, थेंब जरा ओबडधोबड झाला. मुंगीचा बाबा तिला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभा राहिला. मी उशीला पट्टा बांधला, उशी पाळण्यात ठेवली, बटण दाबलं. टीक.

दिवा एकदा उजळला आणि विझला, मग विझलेलाच राहिला. पडद्यातून आलेली उन्हाची एक रेघ उशीवर पडली होती, तिच्यात धूळ तरंगत होती. मला नजर वळवायची होती. मी वळवली नाही. खाली छत्र्यांच्या दुकानात कुणीतरी एक छत्री उघडली आणि मिटली. मीच श्वास रोखून धरलाय हे मला त्या आवाजाने कळलं.

मग बझर ओरडला. केवढ्याने ओरडला. इतके महिने ज्याला मी घाबरत होते तो आवाज शेवटी एखाद्या चिडक्या पाखरासारखा निघाला. मुंगी दचकली, बाबाच्या खांद्यावरून मान वळवून पाळण्याकडे, उशीकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. तिचं पोट माझ्या डोळ्यांसमोर वर आलं, खाली गेलं. आवाज चालू होता. तिला तिचं तिचं काम माहीत होतं, पहाऱ्यावर कुणी असो नसो.

"बंद कर की," तिचा बाबा म्हणाला.

मी बंद केला.

सोमवारी दुपारी जुळ्यांच्या आईचा व्हिडिओ आला. दोन पाळणे, दोन पिवळे दिवे. एक फुलत होता तेव्हा दुसरा मंदावत होता, दोघांचा ठेका काही जुळत नव्हता. मागून दादाचा आवाज, "वाजवून बघितलं, वहिनी, या वेळी पूर्ण." आणि त्याच्याही मागून, शिवणयंत्राच्या घरघरीत, कुणीतरी अगदी सावकाश वाचत होतं, बॅटरीचा एक पाय दारात, दुसरा जमिनीवर.

तो व्हिडिओ बघत मी मुंगीला पाळण्यात ठेवलं. पट्टा लावला. तिला अजून झोप आली नव्हती, म्हणून मीही वाचायला लागले, आता लॅपटॉप लागत नाही. दार झालं, जिना झाला. माळा आता यादीत नाही, तो पाय गच्चीवर आला आहे, तिथे तिघं बसलेत. तिथपर्यंत गेल्याचं मला आठवतं.

जाग आली तेव्हा पडद्याबाहेरचं ऊन उतरलं होतं, माझ्या अंगावर चादर होती आणि मुंगी बाबाच्या कडेवर बाटली चोखत होती.

"कुठपर्यंत वाचलं मी?" मी विचारलं.

"खिडकीनंतरच तुझं गडबडायला लागलं," तो म्हणाला. "गच्चीवरून तू खाली उतरलीच नाहीस. ही जागी होती, तुझ्याकडे बघत पडली होती."